शब्दांधत्व : एका चुकलेल्या नावाचा इतिहास



मी कामगार चळवळीतला माणूस. वैद्यक शिकलेलो नाही; वाचून वाचून जे उमजले तेवढेच सांगणार आहे. आमच्या युनियनमध्ये एक सोबती होता. बोनसचा हिशेब तो तोंडी बिनचूक करी. पण पावतीवरील नाव वाचायचे म्हटले की त्याला घाम फुटे. आम्ही त्याला आळशी ठरवले. तो न्याय किती कच्चा होता, हे मला इतिहासाने शिकवले.

१८७७ साली जर्मन वैद्य कुसमाउल यांनी ‘शब्दांधत्व’ ही संज्ञा योजली. पुढल्या दशकात श्टुटगार्टचे नेत्रवैद्य बर्लिन यांनी ‘डिस्लेक्सिया’ हे नाव दिले. त्यांचे रोगी मेंदूला इजा होऊन वाचन गमावलेले प्रौढ होते. पुढे १८९६ साली इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, गणितात चांगला, दृष्टी निर्दोष. तरी स्वतःचे नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करी. ग्लासगोचे नेत्रवैद्य हिन्शेलवुड यांनीही अशी मुले तपासली.

प्रश्न नेत्रवैद्यांच्या हाती आला आणि नावातच ‘अंधत्व’ शिरले; म्हणून दोष पाहण्यात आहे असे लोक समजले. १९२५ मध्ये अमेरिकेत डॉक्टर ऑर्टन यांनी उलट्या अक्षरांवर भर दिला, तेव्हा तो समज अधिकच पक्का झाला. १९७० नंतर इझाबेल लिबरमन आदी संशोधकांनी दाखवले की, मुख्य अडचण बहुधा निराळीच असते : बोललेल्या शब्दातील सुटे ध्वनी ओळखणे आणि ते अक्षरांशी जोडणे.

म्हणजे हा प्रश्न वाचोपचारतज्ज्ञांच्या अंगणातला ठरला. २००१ साली त्यांच्या अमेरिकन संघटनेने वाचन-लेखन हेही आपले काम असल्याचे जाहीर केले. परंतु संघटनेने ठराव केला म्हणजे सभासदांना तो समजलाच असे नाही, हे आमच्याइतके कोणास ठाऊक? उलटी अक्षरे हीच या दोषाची खूण, हा समज भावी शिक्षकांच्या पाहण्यांत वारंवार आढळला आहे. आज वाचोपचार शिकणाऱ्या मुलामुलींनी तोच वारसा उचलला, तर अक्षरे सरळ लिहिणारे पण ध्वनींशी झगडणारे मूल त्यांच्या नजरेतून निसटेल.

आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययनातील या अडचणीला मान्यता दिली. कायद्याने हक्क मिळतो. पण मूल ओळखायला जाणता माणूस लागतो. तो नसला, तर आम्ही आमच्या सोबत्याला ठरवले तसे त्यालाही कोणी आळशीच ठरवील.