प्रतिजैविकांचा वापर आणि रुग्णशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेतल्यास जिवाणू त्यास दाद देईनासे होतात, असा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. पुढे १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. औषध देशात तयार होऊ लागले. इशारा मात्र रुग्णापर्यंत त्या वेगाने पोहोचला नाही.

याचा दोष केवळ रुग्णाच्या अज्ञानाला देता येत नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, धारावीतील अभ्यासात १०० खासगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी तब्बल ८० निरनिराळ्या उपचारपद्धती लिहून दिल्याचे आढळले. जिथे लिहून देणाऱ्यांतच एकवाक्यता नव्हती, तिथे रुग्णाने कोणता धडा घ्यावा ?

१ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘अनुसूची एच-१’ नुसार काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही औषधविक्रेत्यास बंधनकारक झाली. २०१६ मध्ये केंद्र शासनाने वेष्टनावरील लाल रेषेचा अर्थ जनतेस सांगण्याची मोहीम हाती घेतली. परंतु नवी मुंबईसारख्या औद्योगिक नगरातील रोजंदारी कामगाराला दवाखान्यात जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे होय. बरे वाटताच तो उरलेल्या गोळ्या पुढील आजारासाठी राखून ठेवतो, यात अज्ञानाइतकाच काटकसरीचाही भाग असतो. म्हणूनच रुग्णशिक्षणाचा आरंभ डॉक्टरांच्या लेखणीपासून व्हावयास हवा, हेच या इतिहासाचे सार आहे.