चांदी मोजली, माणसे राहून गेली



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. आपण घरच्या मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून मिस्सासाठी देतो, कबरी स्वच्छ करतो, मेणबत्ती लावतो. आमचे धूलकोट सातपुड्यातले. समुद्र इथून फार दूर. तरीही या महिन्यात आम्हाला ज्यांची आठवण होते, त्यांची कबर हिंदी महासागराच्या तळाशी आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. 20 नोव्हेंबर 1942 रोजी ‘तिलावा’ नावाची आगबोट मुंबईहून मोंबासा आणि दरबानकडे निघाली. बोटीवर 958 माणसे होती : 732 प्रवासी, बाकीचे खलाशी आणि तोफा सांभाळणारे. प्रवासी बहुतेक आपल्याच देशातले. कोणी आफ्रिकेत पोट भरायला चाललेले, कोणी तिथल्या घरच्यांकडे परत निघालेले. बायका होत्या, लेकरे होती. तळाच्या कोठारात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी घेतलेली सुमारे 60 टन चांदी होती. लाद्या 2,364.

23 नोव्हेंबरच्या पहाटे, अंधार असतानाच, एका जपानी पाणबुडीचा पाणतीर बोटीवर आदळला. झोपेतली माणसे होड्यांकडे धावली. काही वेळाने दुसरा पाणतीर आला आणि ‘तिलावा’ बुडाली. 280 जण गेले.

त्या गोंधळात डंकन नावाचे बिनतारी अधिकारी आपल्या खोलीतून हलले नाहीत. बोट बुडत आहे, मदतीला या, असा संदेश ते पाठवत राहिले आणि बोटीबरोबरच गेले. होड्यांमध्ये आणि तराफ्यांवर तरंगणाऱ्यांनी दोन दिवस काढले. चारी बाजूंना पाणी, पण पिण्याचा घोट मोजून. 25 नोव्हेंबरला ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश युद्धनौका तिथे पोहोचली. तिने आणि ‘कार्थेज’ या दुसऱ्या जहाजाने मिळून 678 जणांना वाचवले. 27 तारखेला ‘बर्मिंगहॅम’ मुंबईला लागली. सात दिवसांपूर्वी ज्या बंदरातून ते निघाले, त्याच बंदरात ते उतरले. पण कोणाचा नवरा सोबत नव्हता, कोणाची आई नव्हती.

पुढे काय झाले? युद्ध संपले, वर्षे गेली, आणि लोक ‘तिलावा’ विसरले. चांदी मात्र विसरली गेली नाही. अडीच किलोमीटर खोल पाण्यात तिचा शोध झाला. 2017 साली एका कंपनीने ती वर काढून इंग्लंडला नेली. मग ती वर काढण्याचा मोबदला देणे लागते की नाही, यावर खटला चालला. थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2024 मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला.

चांदी शोधणे हे काही पाप नव्हे. पण आम्हाला लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय आठवला. तिथली बाई हरवलेल्या एका नाण्यासाठी दिवा लावते, घर झाडते आणि ते सापडेपर्यंत थांबत नाही. प्रभू येशूने ती गोष्ट नाण्यासाठी सांगितली नव्हती, माणसासाठी सांगितली होती. आपण नेमके उलटे करतो. नाण्यासाठी समुद्राचा तळ झाडतो आणि माणूस हरवला तर थोडे दिवस हळहळून गप्प बसतो.

डंकन यांनी त्या पहाटे माणसे मोजली. आपल्या जिवाचा हिशेब त्यांनी त्यात धरला नाही. 2022 साली, 80 वर्षांनी, बुडालेल्यांचे आणि वाचलेल्यांचे वारस मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये जमले. तेही माणसेच मोजायला आले होते.

आपल्या गावांतूनही माणसे कामाला दूर जातात. काही परत येतात, काहींची फक्त बातमी येते, काहींची तीही येत नाही. या महिन्यात चिठ्ठी लिहिताना ज्यांची कबर आपल्याला ठाऊक नाही, त्यांचेही एखादे नाव लिहू या. आणि जो दूर आहे पण जिवंत आहे, त्याला आजच फोन करू या.

प्रभू, तुझ्या हिशेबात कोणीच हरवलेले नाही. आम्हालाही तसे मोजायला शिकव. आमेन.