घुमाऱ्याचं गणित

साल १९६१. न्यू जर्सीत, मरे हिलच्या बेल लॅब्समध्ये तुम्ही उभे आहात. आवाजाला घुमारा हवा असेल तर या काळात रिकामी खोली, स्प्रिंगा नाहीतर ताणून टांगलेला पोलादी पत्रा लागतो. मॅनफ्रेड श्रोडर आणि बेन लोगन यांना मात्र नुसत्या आकड्यांतून तो काढायचा आहे. लोगन गणिती तर आहेच, शिवाय नावाजलेला फिडलवादकही आहे, म्हणजे कान तयार.

कागद पुढे ओढा. आवाज ४० मिलिसेकंद अडवून ठेवा, बाहेर पडताना ०.७ ने गुणून पुन्हा आत सोडा. हा कोम्ब फिल्टर. एक टिचकी दिलीत की १, ०.७, ०.४९ असे विरत जाणारे पडसाद येतात. आता त्यातून गाणं सोडा. २५ हर्ट्झच्या पटीतले सूर उसळतात, मधले दबतात आणि दोहोंत जवळपास १५ डेसिबलची तफावत पडते. गायक पिंपात तोंड घालून गातोय असं वाटतं.

मग ते दोघे काय करतात पाहा. मूळ आवाजाला एक सरळ वाट देतात, पण उणे ०.७ ने गुणून, आणि कोम्बमधून येणाऱ्या पडसादांना १ − ०.७², म्हणजे ०.५१ ने गुणतात. आता त्याच टिचकीचे आकडे येतात: −०.७, ०.५१, ०.३६, ०.२५... प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज करत जा. ती बरोब्बर १ कडे जाते. जेवढी ऊर्जा आत गेली तेवढीच बाहेर आली, आणि हे प्रत्येक सुराच्या बाबतीत खरं आहे. हाच ऑलपास फिल्टर. तो कुणाला उचलत नाही, कुणाला दाबत नाही, फक्त काळात पसरवतो.

तरी एकट्या ऑलपासवर भागत नाही. लांब सूर निर्मळ जातो, पण टाळी वाजवलीत की ठरावीक अंतराने येणारे पडसाद कान लगेच मोजतो.

१९६२ मध्ये या. श्रोडरच्या नव्या आराखड्यात चार कोम्ब शेजारी-शेजारी आहेत, ३० ते ४५ मिलिसेकंदांचे. लांबी मुद्दाम अशा निवडल्यात की पडसाद एकमेकांवर बसू नयेत. चौघांचे मिळून सेकंदाला शंभरेक पडसाद होतात. पुढे ५ आणि १.७ मिलिसेकंदांचे दोन ऑलपास ओळीने लावलेत. प्रत्येक जण गर्दी साधारण तिप्पट करतो, म्हणजे आकडा हजाराच्या घरात जातो. एवढी दाटी झाली की कानाला पडसाद सुटे काढता येत नाहीत.

आता आजच्या स्टुडिओत परता. बऱ्याच रिव्हर्बमध्ये, म्हणजे घुमारा देणाऱ्या साधनांत, ‘डिफ्यूजन’चा नॉब असतो आणि तो फिरवताना सहसा ऑलपासचा ०.७ सारखा गुणकच बदलतो. तो लांब सुरावर पारखू नका. तबल्याची एक कोरडी थाप सोडा आणि घुमाऱ्याची शेपटी ऐका. श्रोडरची खरी देणगी हीच आहे: घुमारा चांगला की वाईट हे पडसाद किती आले यावरच नाही, तर प्रत्येक सुराला सारखी वागणूक मिळाली का यावरही ठरतं.