घरातील वस्तू आणि गावाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभ्या राहतात त्या लढाया, तह आणि राजमंडळे. परंतु आपल्याच गावातील माणूस दीडशे वर्षांपूर्वी धान्य कशाने मोजीत होता, दिवा कशात लावीत होता, पायाच्या टाचा कशाने घाशीत होता, असे कोणी विचारले, तर बखरी गप्प बसतात. उत्तर असते ते माळ्यावर धूळ खात पडलेल्या वस्तूंपाशी. आणि नेमक्या त्याच वस्तू आपण दिवाळीच्या साफसफाईत मोडीत घालतो.

या बाबतीत आपल्याला दोन माणसांकडून शिकण्यासारखे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दप्तरे शोधणे हे त्या कामाचे एक अंग होते. हाती आलेला कागद छापून काढणे हे दुसरे. एकुलती एक प्रत कधी वाळवीच्या तोंडी जाईल, कधी बंबात जाईल, याचा नेम नसतो. तोच मजकूर छापून शंभर ठिकाणी गेला म्हणजे मूळ कागदाला काही झाले तरी इतिहास उरतो.

दुसरे नाव दिनकर गंगाधर केळकर यांचे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दौती, समया, वज्र्या, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दरवाजे अशा वस्तू जमविण्यास आरंभ केला. बालवयात निवर्तलेल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्याच्या या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. अडकित्त्याला आणि वज्रीला इतिहासात जागा आहे, हे त्यांनी मराठी माणसाला दाखवून दिले.

आज वस्तूंची छायाचित्रे आणि नोंदी संगणकावर उतरविण्याचे, म्हणजे डिजिटल संग्रह करण्याचे, जे काम चालते, त्यात ही दोन्ही कामे एकत्र आली आहेत. जिन्नस केळकरांचे, रीत राजवाड्यांची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांतले कितीतरी संसार वाहून गेले. त्यांबरोबर कोणत्या समया गेल्या, कोणते डबे गेले, याची यादी आज कोण देणार? नोंद असती तर निदान त्यांची ओळख तरी मागे राहिली असती.

मात्र नोंद म्हणजे नुसते छायाचित्र नव्हे. एक साधे पितळी माप घ्या. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली, हे कोष्टक वडीलधाऱ्यांना पाठ असे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि पुढील काही वर्षांत दशमान मापांनी शेर-पायलीची जागा घेतली. पण जुना शेर सगळीकडे सारखा नव्हता. तेव्हा ते माप कोणत्या गावचे, त्यात तांदूळ किती मावतात, त्यावर शिक्का कसला, हे लिहून ठेवले तरच त्या गावच्या जुन्या हिशेबातील ‘दहा पायली’चा अर्थ लागेल. नाहीतर उरेल ते केवळ एक सुबक भांडे.

अशा नोंदीची पद्धतही ठरलेली आहे. १९९७ मध्ये ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचे आंतरराष्ट्रीय कलम-पत्रक प्रसिद्ध झाले. वस्तूचा प्रकार, द्रव्य, लांबी-रुंदी, कोरलेली अक्षरे, ओळखण्याजोगी खूण, काळ, कारागीर इत्यादी कलमे त्यात येतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही संगणकप्रणालीही तयार केली आहे. परंतु ते कलम-पत्रक मुळात निघाले ते चोरीस गेलेली वस्तू ओळखता यावी म्हणून. आपल्याला वस्तूबरोबर तिच्याभोवतीचे जगणेही ओळखायचे आहे.

जात्याचेच पाहा. दोन दगड आणि एक खुंटा, एवढे छायाचित्रात दिसते. पहाटे त्यावर बसणारी बाई काय गात होती, हे दगड सांगत नाही. ते काम हेमा राईरकर आणि गी पॉतव्हँ यांनी केले. त्यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांतील अनेक गाणाऱ्या बाईच्या आवाजात ऐकता येतात. सासर, माहेर, कष्ट, भाऊ, विठोबा, हे सारे त्या दगडाच्या घरघरीत होते. पिठाची गिरणी आल्यावर जाते थांबले आणि गाण्याचे निमित्तही गेले. आवाज वेळेवर टिपले गेले, म्हणूनच आज जात्याचा इतिहास लिहिता येतो.

कोणी म्हणेल, चित्र झाले की वस्तू ठेवायची कशाला? हा विचार घातक आहे. धातूचा कस, हाताला लागणारे वजन, झिजलेली कड, हे चित्रात पुरते येत नाही. उद्याचा अभ्यासक नवा प्रश्न घेऊन येईल तेव्हा त्याला मूळ वस्तूच लागेल. शिवाय यंत्रातील नोंदही अमर नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपी तबकड्या वाचण्याचे साधन आज कितीजणांच्या घरी आहे? म्हणून नोंदीच्या निदान तीन प्रती असाव्यात, एक परगावी असावी, आणि दर काही वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात.

हे काम मोठ्या संग्रहालयांवरच सोडण्याचे कारण नाही. गावचे वाचनालय, शाळा आणि चार उत्साही तरुण पुरेसे आहेत. घरोघरी जावे, मालकाच्या संमतीने वस्तूचे माप व चित्र घ्यावे, आणि घरातील वृद्धांना तीन प्रश्न विचारावेत: हिला तुम्ही काय म्हणत होता, ही कोण वापरीत असे, आणि वापर कधी व कशामुळे सुटला? उत्तर त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच आवाजात टिपावे. पितळ आणखी पन्नास वर्षे माळ्यावर टिकेल. त्याचे नाव सांगणारी माणसे मात्र तितकी थांबणार नाहीत. तेव्हा आरंभ त्यांच्यापासून करावा.