भूल देण्याआधीची भेट

आजचा भाग आहे ऑपरेशनच्या आदल्या रात्रीबद्दल. शस्त्रक्रियेचा इतिहास आपण नेहमी हत्यारं, जंतू आणि भूल यांच्या अंगाने ऐकतो. पण ज्या माणसाला उद्या सकाळी आत नेणार आहेत, त्याच्या भीतीचं काय? तिलाही इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा भाग बॉस्टनच्या एकाच रुग्णालयात घडलाय.

तिकडे जाण्याआधी थोडं आपल्याकडचं बघू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्माची तयारी सांगितली आहे. चांगली तिथी आणि नक्षत्र पाहायचं. दही, अक्षता, अन्नपान देऊन अग्नी, ब्राह्मण आणि वैद्य यांची पूजा करायची. रुग्णाला हलकं खायला घालून पूर्वेकडे तोंड करून बसवायचं. मूळव्याध, मुतखडा अशा काही कर्मांत मात्र पोट रिकामं हवं. मद्य घेणाऱ्याला कडक मद्य द्यायचं. शस्त्र चालवून झालं की गार पाण्याने रुग्णाला धीर द्यायचा, आणि शेवटी रक्षामंत्र.

यातल्या पूजेवर तुमचा विश्वास असो वा नसो, एक गोष्ट बघा. रुग्ण जागा होता. त्यामुळे त्याचं मन सांभाळणं हा शस्त्रकर्माचाच भाग होता, ते वेगळं काढताच येत नव्हतं.

आता बॉस्टन. १६ ऑक्टोबर १८४६. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या घुमटाखालच्या सभागृहात दंतवैद्य विल्यम मॉर्टनने एका तरुणाला ईथर हुंगवलं आणि शल्यविशारद जॉन कॉलिन्स वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ हाताळली. रुग्ण किंचाळला नाही. काही महिन्यांत ईथर समुद्रापार पोचलं. माणसाला चौघांनी दाबून धरायचे दिवस संपत आले.

हे उपकार फार मोठे आहेत, यात वादच नाही. पण त्याबरोबर एक गोष्ट नकळत सुटली. झोपलेल्या माणसाशी बोलावं लागत नाही. भूल वेदनेला मिळाली, भीती मात्र आदल्या रात्री टक्क जागीच राहिली.

याच रुग्णालयात पुढे रिचर्ड कॅबट नावाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या घरची परिस्थिती कळल्याशिवाय उपचार अपुरे राहतात, म्हणून १९०५ मध्ये त्यांनी तिथे समाजसेविकेची नेमणूक सुरू केली. डॉक्टरने रुग्णाशी खोटं बोलू नये, ‘त्याच्या भल्यासाठी’ सुद्धा नाही, हे ते १९०३ पासून लिहीत होते. पुढे त्यांची गाठ पडली तिथल्याच रसेल डिक्स या धर्मोपदेशकाशी. १९३६ साली दोघांनी मिळून ‘द आर्ट ऑफ मिनिस्टरिंग टू द सिक’ हे पुस्तक लिहिलं. डिक्स खाटेजवळ बसून ऐकायचे, मग झालेलं बोलणं लिहून काढायचे. का? तर आपण त्या माणसाचं ऐकलं की आपलंच घोडं दामटलं, हे नंतर तपासता यावं म्हणून. प्रार्थना होती, पण त्याआधी ऐकणं होतं.

मग १९५८ मध्ये अर्व्हिंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञाचा ऑपरेशनच्या रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यांचं म्हणणं असं की जे अजिबात घाबरलेले नसतात, त्यांना नंतरचं दुखणं फसवणुकीसारखं लागतं, ते चिडतात. थोडी काळजी आधीच करून ठेवली, की मनाची तयारी होते. नंतरच्या अभ्यासांत हे गणित दरवेळी असंच सुटलं नाही, पण प्रश्न ऐरणीवर आला तो आलाच.

आणि आता परत तेच रुग्णालय. भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये एक साधी तुलना छापली. काही रुग्णांना ऑपरेशनआधी झोपेचं औषध दिलं, काहींना भूलतज्ज्ञ आधी येऊन भेटला. औषधवाल्यांना गुंगी आली, पण ते शांत झाले असं दिसलं नाही. भेटवाले गुंगीशिवाय जास्त शांत होते!

पुढच्याच वर्षी त्यांनी पोटाच्या ऑपरेशनचे ९७ रुग्ण घेतले. त्यांतल्या ४६ जणांना आदल्या रात्री नीट सांगितलं: उद्या इथे दुखेल, इतके दिवस दुखेल, स्नायू आखडल्यामुळे दुखेल. स्नायू सैल कसे सोडायचे, कुशीवर कसं वळायचं, तेही शिकवलं. शल्यविशारदांना कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नव्हतं. या ४६ जणांना वेदनाशामक अफूजन्य औषध जवळपास निम्मंच लागलं, आणि ते सरासरी २.७ दिवस लवकर घरी जाण्याजोगे झाले.

लक्षात घ्या, त्यांना कुणी ‘दुखणार नाही’ असं सांगितलं नव्हतं. ‘दुखेल’ असंच सांगितलं होतं.

आपल्याकडे काय होतं? ‘काही नाही हो बाबा, पाच मिनिटांचं काम.’ डॉक्टरांशी बोलणं मुलगा करतो, तेही कॉरिडॉरमध्ये. प्रेमापोटीच करतो, पण बाबा रात्रभर छताकडे बघत एकटेच पडतात. उशीखाली अंगारा ठेवला असेल तर असू द्या, त्याने धीर येत असेल तर तो खराच धीर आहे. अंगारा आणि माहिती यांत भांडण लावायचं कारण नाही. फक्त एकाच्या जागी दुसरं चालत नाही, एवढंच. जप करणाऱ्या आजीलाही शुद्ध आल्यावर नाकात नळी असेल की नाही, हे कळायला हवं असतं.

तेव्हा घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं, की भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा रुग्णालाच बोलू द्या. कुठे दुखेल, किती दिवस, उठायचं कधी, हे त्यालाच विचारू द्या. आणि ते गेल्यावर जरा वेळ नुसतं शेजारी बसा.