रक्त गोठते आणि गोठत नाही

"किती टक्के भाजलं?" कुणी भाजल्याची बातमी आली की आमच्या खाप्यात पहिला प्रश्न हाच. घरोघरी रॉकेलचे स्टोव्ह होते तेव्हापासून मी तो ऐकत आलो आहे. आकडा मोठा असला की लोक गप्प होत. भाजलेली बहुधा कुणाची तरी सून असे, आणि त्या गप्प होण्याचा अर्थ सगळ्यांना कळत असे. पण जळालेल्या अंगात पुढे होते काय, हे कोणी विचारत नसे. मी मराठी शिकवणारा माणूस, डॉक्टर नव्हे, तेव्हा शब्दापासूनच सुरुवात करतो.

रक्त गोठणे याला पुस्तकात 'रक्तस्कंदन' म्हणतात. त्यातला 'स्कंदन' फार जुना. वाहते रक्त थांबवण्याचे चार उपाय सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात दिले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट औषधाने जखम सांधायची, थंडाव्याने रक्त घट्ट करायचे, भस्म वापरायचे, आणि कशानेच भागले नाही तर डाग देऊन शिरा आकसवायच्या. म्हणजे आगीने रक्त थांबते हे त्या वैद्यांना पक्के ठाऊक होते. भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकारही याच ग्रंथात आहेत.

आता गंमत पाहा (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण असो). डाग देताना जे हवे असते, तेच अंगभर भाजलेल्या माणसाच्या जिवावर उठते. डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९५३ मध्ये भाजलेल्या जागेचे तीन पट्टे सांगितले. मधला पट्टा अंड्याचा पांढरा बलक शिजून घट्ट व्हावा तसा मेलेला. अगदी बाहेरचा लालसर, तो आपोआप बरा होतो. या दोहोंच्या मधला मात्र अधांतरी असतो. तिथे बारीक रक्तवाहिन्यांत रक्त मंदावते, गुठळ्या धरू लागते. तो जगणार की मरणार हे पुढच्या एकदोन दिवसांत ठरते. सलाइन वेळेवर मिळाले, जखम सुकू दिली नाही, तर जगतो. नाहीतर जखम खोल जाते. "काल डॉक्टर वरवरची म्हणाले, आज खोल म्हणतात, दवाखान्यानेच बिघडवली", असे नातेवाईक म्हणतात ना, त्यामागे पुष्कळदा हा मधला पट्टा असतो.

जास्त भाजले तर हा गोंधळ सर्वांगात पसरतो. गुठळ्या होण्यात बिंबिका आणि रक्त गोठवणारी द्रव्ये खर्ची पडतात, उरलेली सलाइनने पातळ होतात. मग जिथे रक्त थांबायला हवे तिथे थांबत नाही. काही दिवसांनी उलटच होते, आणि पायाच्या शिरांत नको असलेल्या गुठळ्या होण्याचा धोका येतो. जखम भरून येण्याची सुरुवातही गोठलेल्या रक्ताच्या जाळीवरच होते, नव्या पेशी तिच्याच आधाराने सरकतात. म्हणून गोठणे बिघडले की भरणेही रेंगाळते.

उपचारांचा इतिहास तसा धक्क्याधक्क्याने पुढे गेलेला. १९२५ मध्ये अमेरिकेत डेव्हिडसन याने जखमेवर टॅनिक ॲसिड लावायला सुरुवात केली. हिरड्यातले जे द्रव्य कातडे कमावते, त्याच जातीचे हे! पुढे ते यकृताला घातक ठरून मागे पडले. १९४२ मध्ये बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबच्या आगीत ४९२ माणसे गेली, तिथे साध्या व्हॅसलीनच्या पट्टीने काम भागते हे दिसले. १९७० मध्ये मारिबोर गावच्या झोरा यान्झेकोविच या बाईंनी मेलेली कातडी लवकर, थराथराने तासून लगेच नवी लावण्याची पद्धत मांडली. तासायचे कुठवर? तर ताज्या रक्ताचे थेंब दिसेपर्यंत. ज्याचे रक्त धड गोठत नाही त्याच्या अंगातून मुद्दाम रक्त काढायचे, म्हणजे धैर्याचेच काम.

पण नवी कातडी आणायची कुठून? तोवर झाकायचे कशाने? याचे उत्तर आपल्या मुंबईने आपल्या स्वयंपाकघरात शोधले, आणि मला या साऱ्या इतिहासात सर्वांत आवडलेला भाग हाच. वाडिया बाल रुग्णालयातल्या डॉ. केसवानींनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीवर निबंध लिहिला. साल जखमेला सुकू देत नाही, हे तिचे काम. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान निर्जंतुक करून तसेच वापरले. ते सालीहून स्वस्त, आणि काढताना चिकटत नाही. भाजलेल्याला पट्टी बदलणे हीच मोठी शिक्षा असते, हे ज्याने एकदा ऐकले आहे त्याला या न चिकटण्याची किंमत कळेल.

सायनलाच २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली, नागपुरात ऑरेंज सिटी हॉस्पिटलमध्ये २०१४ मध्ये. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत त्वचा घ्यावी लागते. रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ती काही वर्षे टिकते. ही त्वचा कायमची रुजत नाही, दोनतीन आठवडे पांघरूण होते, तेवढ्यात रोगी सावरतो.

खाप्याहून नागपूरला जायला वेळ लागतोच. निघण्याआधी वीस मिनिटे साधे वाहते पाणी, बर्फ नव्हे. शाई, टूथपेस्ट, हळद काही नको, दवाखान्यात ते सगळे खरवडून काढावे लागते आणि मधला पट्टा आणखी दुखावतो.

त्वचादानाचे घरी बोललो तेव्हा सुनेने लगेच विचारले, "बाबा, तोंडावरची काढतात का हो?" नाही, मांडीची आणि पाठीची, तीही कागदासारखी पातळ.