ऑर्कचा चेहरा आला कुठून?

१९५८च्या जून महिन्यात जे. आर. आर. टोल्किन चांगलेच वैतागले होते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर सिनेमा काढायचं काही अमेरिकन मंडळींनी मनावर घेतलं होतं आणि त्यांच्या पटकथाकाराने ऑर्कांना चक्क चोची आणि पिसं चिकटवली होती. ऑर्क म्हणजे पाखरं नव्हेत, असं सुनावून ऑक्सफर्डच्या या प्राध्यापकांनी ते दिसतात कसे याचं वर्णनच पत्रात लिहून पाठवलं. बुटके, आडव्या बांध्याचे, चपट्या नाकाचे, पिवळट कातडीचे, फताड्या तोंडाचे, तिरप्या डोळ्यांचे. थोडक्यात, युरोपीय नजरेला जे मंगोल चेहरे सर्वांत कमी देखणे वाटतात, त्यांचं आणखी बिघडलेलं रूप. ‘युरोपीय नजरेला’ एवढा भाग त्यांनी कंसात टाकला होता. कंस प्रामाणिक आहे. पण कंसाबाहेर जे आहे ते आहेच.

ज्यांनी टोल्किन वाचलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगायचं तर ऑर्क हे दुष्ट सम्राटाचं पायदळ. त्यांची घरंदारं दिसत नाहीत, बायकापोरं दिसत नाहीत, आणि ते हजारोंनी मेले तरी नायकाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. कादंबरीकाराच्या दृष्टीने ही भलतीच सोय आहे. या प्राण्याचा स्वभाव आणि भुयारातलं राहणं जॉर्ज मॅकडॉनल्डच्या १८७२ सालच्या मुलांच्या कादंबरीतल्या गॉब्लिनांवरून आलं. ते ऋण टोल्किन मान्य करत. फक्त त्या गॉब्लिनांचे मऊ पाय आपल्याला कधीच पटले नाहीत, असंही सांगून टाकत. नावाचं मूळ ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात, तेही जेमतेम एका ओळीत. चेहरा मात्र या दोन्हींकडून आलेला नाही.

त्यासाठी सहाव्या शतकात जावं लागतं. इसवी सन ५५१च्या सुमारास योर्दानेस नावाच्या गृहस्थाने गॉथ लोकांचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. हूणांनी गॉथांना पळता भुई थोडी करून डॅन्यूबपार हाकललं, त्याला तेव्हा पावणेदोनशे वर्षं होत आली होती, पण राग ताजा होता. योर्दानेस सांगतो की, फिलिमेर नावाच्या गॉथ राजाने आपल्या लोकांतल्या चेटकिणींना हुडकून रानावनात हाकलून दिलं. तिथे भटकणाऱ्या अशुद्ध पिशाच्चांशी त्यांचा संग झाला आणि त्यातून हूण जन्मले. त्यांचा चेहरा म्हणे चेहराच नव्हे, नुसता काळपट गोळा, आणि डोळ्यांच्या जागी टाचणीची भोकं. शत्रू कुरूप आहे, क्रूर आहे, एवढं म्हणून योर्दानेस थांबत नाही. शत्रू जन्मानेच माणसांतला नाही, इथवर जातो. माझ्या मते ऑर्कचा खरा मूळपुरुष या गोष्टीत आहे.

टोल्किन हे वाचत नव्हते असं म्हणायची सोय नाही. गॉथिक भाषेचं वेड त्यांना शाळकरी वयापासून होतं. त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी पुढे गॉथ आणि हूणांच्या लढाईवर अभ्यासलेखच लिहिला. ४५१ साली अटिलाच्या हूणांशी लढताना गॉथ राजा थिओडोरिक घोड्यावरून पडून तुडवला गेला, असं योर्दानेस सांगतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला म्हातारा राजा थिओडेन रणात आपल्याच घोड्याखाली चिरडून मरतो, तेव्हा त्या जुन्या लढाईची आठवण अभ्यासकांना होते, ती उगाच नाही.

पुढे १२४१ साली मंगोल फौजा पोलंड आणि हंगेरीत घुसल्या. इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सच्या मठात बसून मॅथ्यू पॅरिस या साधूने त्यांची हकिगत लिहिली, चित्रासकट: एक तार्तार माणसाचा पाय खातोय, दुसऱ्याने अख्खा देह सळईवर भाजायला घातलाय, बाजूला झाडाला बांधलेली बाई. मंगोलांचं तार्तार हे नावच युरोपात टार्टारस, म्हणजे पाताळ, या शब्दाशी जोडलं गेलं होतं. म्हणजे पुन्हा तेच, खालून आलेले, आपल्यातले नसलेले.

एकोणिसाव्या शतकात या किश्शांना विज्ञानाचा कोट चढला. ब्लूमेनबाख या शास्त्रज्ञाने १७९५ साली मानवजातीच्या पाच वर्गांत ‘मंगोलियन’ हा एक वर्ग ठरवून ठेवला होताच. १८६६ साली डॉ. जॉन लँग्डन डाउन यांनी मतिमंद मुलांच्या एका गटाला ‘मंगोल’ म्हटलं. गोऱ्या आईबापांची ही मुलं वंशाच्या पायरीवरून घसरून मंगोल झाली, असा त्यांचा तर्क. आज आपण ज्याला डाउन सिंड्रोम म्हणतो, त्याचं हे जुनं नाव. मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेकडे तक्रार केली तेव्हा कुठे, १९६५मध्ये, संघटनेने ते सोडलं. १८९२ साली जन्मलेल्या इंग्रजाच्या कानावर ‘बिघडलेला मंगोल’ ही कल्पना किती सरावाची असेल, याचा अंदाज यावरून येतो.

गंमत अशी की, याच काळात हा शिक्का गोऱ्यांनी एकमेकांवरही मारला. जर्मनीच्या कैसर विल्हेल्मने १८९५ साली ‘पिवळ्या संकटा’चं चित्र काढून घेतलं आणि १९०० साली चीनला निघालेल्या सैनिकांना हूणांसारखे वागा असं सांगितलं. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी नेमका तोच शब्द उचलून जर्मनांना चिकटवला. १९१६ साली सोमच्या खंदकांत टोल्किन स्वतः होते. १९४४ साली, मुलगा हवाई दलात असताना, त्यांनी त्याला लिहिलं की प्रत्यक्षात ऑर्क दोन्ही बाजूंना असतात. हे वाक्य लिहिणारा माणूस वंशद्वेष्टा होता असं म्हणणं मला जमत नाही. १९३८ साली एका जर्मन प्रकाशकाने तुम्ही आर्य आहात का, असं विचारलं, तेव्हा आपल्या पूर्वजांपैकी कुणी हिंदुस्तानी किंवा फारसी बोलत असल्याचं आपल्याला ठाऊक नाही, असं खोचक उत्तर त्यांनी लिहून काढलं होतं.

कादंबरीतही एक जागा अशी आहे, जिथे ऑर्क माणसांसारखे वाटतात. किरिथ उंगोलच्या वाटेवर शाग्राट आणि गोर्बाग हे दोन ऑर्क गप्पा मारतात. साहेबांच्या नावाने बोटं मोडतात, लढाई संपली की चार विश्वासू पोरं घेऊन कुठेतरी सटकू, असे बेत करतात. अगदी खंदकातले शिपाईगडीच. ऑर्क असे बोलायला लागले की त्यांना मुळातून दुष्ट कसं म्हणायचं? हा पेच टोल्किन यांना अखेरपर्यंत सुटला नाही. त्यावरची त्यांची टिपणं मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९९३मध्ये छापली गेली.

खेळ बनवणाऱ्यांना असला पेच पडला नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४चा. त्याच्या १९७७च्या राक्षसकोशात ऑर्कला डुकराचं थोबाड मिळालं. ‘वॉरहॅमर’ या खेळाने तो हिरवा केला. मंगोल नाक गेलं, पण जन्मजात दुष्टपणा आता पुस्तकातल्या तक्त्यातच छापलेला होता. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या २००१पासूनच्या सिनेमांत मात्र नाक पुन्हा माणसाचं झालं. उरुक-हाई या तगड्या ऑर्कांचा म्होरक्या लुर्ट्झ साकारला तो लॉरेन्स मकोआरे या माओरी नटाने. तोवर वळण दुसरीकडेही लागलं होतं. ‘वॉरक्राफ्ट ३’ने २००२ साली थ्रॉल नावाच्या ऑर्कलाच नायक केलं. खेळणाऱ्याला ऑर्क होऊन खेळायचं असेल तर त्याला आई, घर आणि लाजलज्जा द्यावीच लागते.

२०२२ साली रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि युक्रेनियन लोक त्यांना सर्रास ‘ऑर्क’ म्हणू लागले. इथे नाकाडोळ्यांचा संबंधच नव्हता. त्याच वर्षी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कंपनीने नियमांतून ‘वंश’ हा शब्द काढून ‘प्रजाती’ घालायचं जाहीर केलं. २०२४च्या नव्या पुस्तकात ऑर्क रीतसर खेळता येतो, आणि जन्मजात दुष्टपणाची अट नाही. सोबतच्या चित्रांतले ऑर्क माणसाळलेले आहेत. पेहराव पाहून अनेकांना ते मेक्सिकन वाटले. काही मेक्सिकन वाचक खूश झाले, काही भडकले, आणि वाद सुरू झाला तो टोप्यांवरून.